पासष्ट हजारांचा अर्ज आणि एक दाढ : डिचोली तालुक्यातील एका दंतखर्चाचे प्रकरण

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका लहान पतसंस्थेत मी कर्जविभागाचे काम पाहतो. घरदुरुस्ती, लग्न, दुचाकी, मुलांचे शिक्षण आणि चवथीचा (गणेश चतुर्थीचा) खर्च ही आमच्याकडील अर्जांची नेहमीची कारणे असतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस ‘दातांचे उपचार’ या कारणासाठी पासष्ट हजार रुपयांचा अर्ज आला, तेव्हा कर्ज समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी तो दोनदा वाचला. दातांसाठी कोणी एवढे कर्ज काढत असेल, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. अर्जदार बाईंच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत, मात्र आकड्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण तसेच ठेवले आहे.

अर्जदार ताई बावन्न वर्षांच्या, विधवा. त्यांच्या यजमानांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी प्रथम बंद झाल्या, मधल्या काळात थोड्या सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यामुळे मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक उभा राहिला आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. यजमान गेले त्यानंतर, आणि ट्रक विकूनही काही रक्कम ताईंना फेडावी लागली. हे सांगण्याचे कारण एवढेच की कर्ज म्हणजे काय हे या बाईंना पुरेपूर ठाऊक होते. असे असूनही त्या अर्ज घेऊन आल्या, त्याअर्थी दाढेचे दुखणे सोसण्यापलीकडे गेले होते.

ताई एका स्वयंसहाय्य गटातर्फे शाळांचा माध्यान्ह आहार शिजवतात. शाळा चालू असताना त्यांच्या वाट्याला महिन्याला सुमारे सहा हजार येतात, मे महिन्यात काहीच येत नाही. मुलगा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात सोळा हजार पगारावर आहे, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापून त्याच्या हातात चौदा हजारांच्या आसपास पडतात. दोघांचे मिळून वीस हजार, त्यातून मुलाच्या मोटारसायकलचा हप्ता ३,२०० आणि घरखर्च जेमतेम चौदा हजार. म्हणजे चांगल्या महिन्यात पावणेतीन हजार उरतात आणि मे महिन्यात तीन हजारांहून अधिक तूट येते. आमच्याकडे १२ टक्के दराने तीन वर्षांसाठी पासष्ट हजार घेतले असते, तर मासिक हप्ता २,१५९ रुपये आला असता आणि व्याजापोटी एकूण सुमारे १२,७०० रुपये गेले असते. कागदावर हे कर्ज बसत होते, आणि मुलाचा पगार व दोन जामीनदार पाहता समितीने ते मंजूरही केले असते. फक्त पुढची तीन वर्षे त्या घरात आजारपण, छपराचे काम किंवा पाहुणा यांपैकी काहीही येऊन चालले नसते.

अर्जासोबत एका खासगी दवाखान्याचे खर्चाचे पत्रक जोडलेले होते. पत्रक नीट छापलेले आणि बाबवार होते, ही त्या दवाखान्याची जमेची बाजू आहे. नाहीतर अनेक ठिकाणी ‘सगळे मिळून साठ-सत्तर होतील’ एवढेच तोंडी सांगितले जाते. खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचे रूट कॅनल ५,५०० आणि तिच्यावर झिर्कोनियाची कॅप ९,०००. उजव्या बाजूची तीच दाढ चार वर्षांपूर्वी काढलेली असल्याने त्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा कृत्रिम दात), कॅपसह ३५,०००. दोन लहान किडींमध्ये सिमेंट भरणे २,४००. वरच्या एका मोडक्या दाताचे मूळ काढणे १,०००. दात साफ करणे १,५००. समोरच्या दातावरची जुनी, कडेला काळी पडलेली कॅप बदलणे ९,०००. आणि एक्स-रे ६००. बेरीज ६४,०००. ताईंनी वर एक हजार जाण्यायेण्यासाठी धरून पासष्टचा अर्ज केला होता.

हे पत्रक वाचून दवाखाना लुबाडतो आहे असे म्हणण्याचा मोह होतो, आणि समितीत तसे बोललेही गेले. मला ते न्याय्य वाटत नाही. दंतवैद्याने संपूर्ण तोंड तपासून जे जे करण्याजोगे दिसले ते सर्व लिहिले होते, आणि त्यातील एकही बाब खोटी नव्हती. अडचण वेगळीच होती. पत्रकात सात-आठ कामे एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत छापलेली होती. आठवडाभरात हात घातला नाही तर दात गमवावा लागेल असे काम आणि पाच वर्षांनी केले तरी चालेल असे काम, या दोहोंमधला फरक त्या कागदावर कुठेच दिसत नव्हता. पैशाची तंगी असलेल्या माणसाला नेमका तोच फरक हवा असतो. तो न दिसल्यामुळे ताईंपुढे दोनच पर्याय उरले होते, सगळे करायचे किंवा काहीच नाही. मागील दीड वर्ष त्यांनी ‘काहीच नाही’ हा पर्याय निवडला होता.

त्या दीड वर्षाचाही एक खर्च होता, आणि तो कोणत्याही पत्रकात नव्हता. दाढ ठणकली की लवंगेच्या तेलाचा बोळा, त्याने भागले नाही की औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या, आणि गाल सुजला की त्याच दुकानातून दुकानदाराने दिलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या. लवंगेच्या तेलातील युजेनॉलने दाताची संवेदना काही वेळ बधिर होते हे खरे आहे, पण कीड जिथल्या तिथे राहते. अँटिबायोटिकने सूज उतरते, तरी दाताच्या आतील मेलेल्या नसेपर्यंत ते औषध पोहोचत नाही, म्हणून काही आठवड्यांनी सूज परत येते. ताईंना मधुमेह असल्याने हे अधिकच धोक्याचे होते. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो आणि संसर्ग असला की साखर आटोक्यात येत नाही. शिवाय वेदनाशामकांचा वारंवार मारा मूत्रपिंडांना सोसत नाही. दीड वर्षात गोळ्यांवर दोनेक हजार रुपये तरी गेले असावेत, असा त्यांच्या मुलाचा अंदाज होता.

समितीपुढे येण्याआधीची चौकशी

अर्ज नामंजूर करणे किंवा मंजूर करणे, दोन्ही सोपे होते. आम्ही ताईंना एवढेच सुचवले की पत्रक घेऊन त्याच दंतवैद्यांकडे परत जावे आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात : हे आत्ता केले नाही तर काय होईल, किती दिवस थांबता येईल, आणि याच्याऐवजी याहून स्वस्त असे काय चालू शकेल. ताईंना याचा फार संकोच वाटत होता. बाजारात बांगडा माशाच्या वाट्यासाठी घासाघीस करणारी माणसे डॉक्टरसमोर किमतीचा शब्दही काढत नाहीत, कारण पैसे विचारले की डॉक्टर आपल्याला कमी लेखतील आणि काम हलके करतील अशी भीती असते. शेवटी मुलगा बरोबर गेला.

दंतवैद्यांनी दिलेली उत्तरे अत्यंत प्रांजळ होती, आणि ती आधी कोणी मागितलीच नव्हती एवढेच. डावी दाढ तातडीची; नस मेलेली आहे, मुळाशी पू धरला आहे, महिनाभरसुद्धा थांबणे योग्य नाही. मोडके मूळ आणि दोन किडी दोन-तीन महिने थांबू शकतील, त्याहून जास्त थांबल्यास आज सिमेंटने भागणाऱ्या किडी उद्या रूट कॅनल मागतील. दात साफ करणे मधुमेहामुळे लवकर झालेले बरे. समोरची कॅप केवळ दिसण्याचा प्रश्न आहे. आणि इम्प्लांटविषयी त्यांनी स्वतःहून सांगितले की साखर एवढी चढलेली असताना ते आत्ता बसवू नयेच, हाडात जखम नीट भरून येण्याची खात्री राहत नाही. पत्रकातील सर्वांत मोठी रक्कम, ३५,००० रुपये, अशा रीतीने एका वाक्यात पुढे ढकलली गेली. ज्या कामासाठी कर्जाचा निम्म्याहून अधिक भाग घ्यायचा होता, ते काम त्या वर्षी करण्याजोगेच नव्हते.

घरात आणखी एक पर्यायही चर्चेत होता, आणि तो नात्यातल्या एका वयस्कर बाईंनी ठासून मांडला होता : दाढ काढून टाकावी, हजार रुपयांत प्रश्न मिटतो. पैशाची चणचण असली की हा सल्ला हमखास मिळतो, आणि अनेकदा तो बरोबरही असतो. मुळे हलू लागलेली, हिरडीने सोडलेली किंवा अक्कलदाढ असेल तर तिच्यावर पंधरा हजार घालवण्यात अर्थ नसतो. या प्रकरणात मात्र उजव्या बाजूची जोडीदार दाढ आधीच गेलेली होती, आणि ताईंचे सारे चावणे चार वर्षे डाव्या बाजूवर चालले होते. पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षी येते आणि चावण्याचा सर्वाधिक भार तीच उचलते. दोन्ही बाजूंच्या या दाढा गेल्या असत्या, तर भाकरीपासून सुंगटांपर्यंत सगळे मऊ करून खाण्याची पाळी आली असती. दात काढल्याचा खर्च हजारावर थांबत नाही हेही त्यांच्याच तोंडात दिसत होते. उजवीकडची रिकामी जागा पाहून शेजारची दाढ त्या बाजूला कलली होती आणि वरची दाढ आधार नसल्यामुळे खाली उतरू लागली होती. चार वर्षांपूर्वी हजारात मिटलेला तो प्रश्न आता पत्रकात पस्तीस हजारांच्या रूपाने उभा होता. त्यामुळे डावी दाढ वाचवायची, आणि पैसा घालायचा तर आधी तिच्यावरच, हे ठरले. या सबंध प्रकरणातील खरा निर्णय तोच होता. बाकी सर्व त्याच्या सोयीने जुळवून घेतले गेले.

पैसा कुठून : तपासलेले मार्ग

दवाखान्याच्या स्वागतकक्षात एक वित्तकंपनीचा फलक होता आणि बारा महिन्यांच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांची सोय मोबाइलवर दहा मिनिटांत होत होती. ६४,००० चे बारा हप्ते, प्रत्येकी ५,३३३ रुपये. ताईंच्या घरात महिन्याला पावणेतीन हजार उरतात हे लक्षात घेता हा मार्ग मुळातच बाद होता, तरी त्याचा हिशेब समितीपुढे मांडला, कारण असे अर्ज पुढेही येणार आहेत. दोन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील जीएसटी मिळून १,५१० रुपये सुरुवातीलाच द्यायचे होते. शिवाय रोख भरणाऱ्याला दवाखाना पाच टक्के सूट देत होता, ती ३,२०० रुपयांची सूट हप्त्यांवर मिळत नव्हती. ही दोन्ही मिळून ४,७१० रुपये होतात, आणि मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते हे धरले तर वार्षिक दर १४ टक्क्यांच्या वर जातो. बिनव्याजी म्हणवणारे कर्ज आमच्या १२ टक्क्यांच्या कर्जाहून महाग होते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक सूचनांनुसार करार करण्याआधी कर्जदाराला मुख्य अटींचे एक पत्रक द्यावे लागते आणि त्यात सर्व शुल्कांसहित वार्षिक दर लिहावा लागतो. ते पत्रक मागावे, आणि रोख भरल्यास किती सूट मिळेल हेही आधी विचारावे, म्हणजे ‘बिनव्याजी’चा अर्थ आपोआप उलगडतो. याहूनही मोठा धोका वेगळा आहे. अशा सोयीत दवाखान्याला संपूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी मिळते, आणि उपचार अर्धवट राहिले, दंतवैद्य बदलावासा वाटला किंवा इम्प्लांटसारखे काम वैद्यकीय कारणाने पुढे गेले, तरी हप्ते चालूच राहतात. टप्प्याटप्प्याने होणाऱ्या कामाचे पैसे टप्प्याटप्प्यानेच दिलेले बरे.

घरात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड होते. गोवा सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, त्यामुळे ताईंना वाटले होते की दातांचेही त्यात होईल. योजना ठरावीक प्रक्रियांच्या यादीवर चालते, आणि चौकशी केल्यावर त्यांच्या पत्रकातील एकही काम त्यात बसत नसल्याचे कळले. खासगी आरोग्यविम्याचीही गत साधारण तशीच असते. अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर दातांचा खर्च मिळतो, किडलेल्या दाढेचा सहसा मिळत नाही. सोने तारण ठेवणे हा मार्ग ताईंनी स्वतःच नाकारला. ट्रकच्या वेळी गेलेल्या बांगड्या परत आल्या नव्हत्या.

राहिली बांबोळी. आमच्या भागात ‘बांबोळीला नेले’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण तिथल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (जीएमसी) गंभीर रुग्णच नेतात अशी समजूत आहे. त्याच परिसरात सरकारी गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, हे ताईंना ठाऊक होते, पण तिथे ‘शिकाऊ पोरे हात साफ करतात’ असेही त्यांनी ऐकले होते. वस्तुस्थिती अशी की तिथे पदवीनंतरचे प्रशिक्षण घेणारे आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, प्रत्येक टप्पा तपासून घेतला जातो, आणि रूट कॅनलसारख्या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. शुल्क नाममात्र असते. मोबदल्यात द्यावा लागतो तो वेळ : केस पेपर काढणे, तपासणी विभाग, एक्स-रे, मग संबंधित विभागात तारीख, आणि खासगी दवाखान्यात दोन-तीन बैठकींत होणारे काम तिथे चार-पाच बैठकींत.

हा वेळ पैशात मोजला नाही तर हिशेब खोटा ठरतो. डिचोलीहून पणजी आणि पणजीहून बांबोळी, अशा दोन बसने जाणेयेणे आणि दुपारचे काहीतरी खाणे धरून एका फेरीला दीडशे रुपये पडत होते. कामाचा दिवस बुडाल्यास ताईंचे तीनशे रुपये जात होते. पाच फेऱ्या म्हणजे २,२५० रुपये. खासगी रूट कॅनलच्या ५,५०० पुढे हे स्वस्तच होते. पण हाच हिशेब नऊशे रुपये रोज मिळवणाऱ्या गवंड्यासाठी मांडला तर पाच फेऱ्यांचे ५,२५० होतात, आणि मग गावातल्या दवाखान्यात संध्याकाळी काम उरकणे त्याला जवळजवळ त्याच किमतीत पडते. सरकारी म्हणजे स्वस्त, हे विधान ज्याचे त्याच्या रोजावर अवलंबून असते. समितीतील एका सदस्यांनी ‘मग प्रत्येकाला बांबोळीलाच पाठवू या’ असे म्हटले, त्याला हे उत्तर होते.

ताईंनी आणखी एक गोष्ट केली. गटातील दुसऱ्या बाईंशी त्यांनी पाळ्या बदलून घेतल्या, त्यामुळे पाचपैकी दोनच दिवसांचा रोज बुडाला आणि प्रत्यक्ष खर्च १,३५० वर आला. शाळेला सुट्टी असलेल्या मे महिन्यात सगळ्या फेऱ्या केल्या तर रोज मुळीच बुडणार नाही, असाही विचार झाला होता, पण दाढ तोपर्यंत थांबणारी नव्हती. मार्चमध्ये, ऐन शिगम्याच्या दिवसांत, पहिल्या भेटीतच दाढ उघडून आतली घाण काढली गेली आणि तात्पुरते सिमेंट बसवले गेले. ठणका त्याच रात्री थांबला. इथेच बहुतेकांचे उपचार संपतात, कारण दुखणे थांबले की बसचे पैसे आणि बुडालेला रोज डोळ्यांपुढे येतात. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांचे असते. ते झिजले की लाळ आणि जंतू पुन्हा आत शिरतात आणि आधीच्या फेऱ्या पाण्यात जातात. ताईंच्या मुलाने उरलेल्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवल्या, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत रूट कॅनल पूर्ण झाले. शेवटच्या दोन फेऱ्यांपैकी एकीत दात साफही करून घेतले. मोडके मूळ आणि दोन किडी यांसाठी बांबोळी गाठण्याची गरज पडली नाही, तालुक्यातील आरोग्य केंद्रातील दंतशल्यचिकित्सकांनी ती कामे केली.

एक इशारा या ठिकाणी नोंदवणे आवश्यक आहे, कारण खर्चाची तुलना करत बसण्याची मुभा प्रत्येक वेळी नसते. सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, तोंड उघडेनासे झाले, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला किंवा ताप चढला, तर पत्रके आणि हप्ते बाजूला ठेवून थेट जीएमसीच्या कॅज्युअल्टीत जावे. दाढेचा संसर्ग मानेत उतरून जिवावर बेतू शकतो, आणि मधुमेही माणसात तो झपाट्याने पसरतो.

कॅपचा प्रश्न

रूट कॅनल झालेली मोठी दाढ कॅपशिवाय ठेवणे म्हणजे केलेला खर्च टांगणीला लावणे होय. आतून पोखरलेली आणि भिंती पातळ झालेली दाढ चावताना उभी चिरते, आणि तशी चिरली की बहुधा काढावीच लागते. त्यामुळे कॅप पुढे ढकलण्याच्या यादीत नव्हती. कोणती कॅप, याला मात्र वाव होता. पत्रकातील झिर्कोनियाची ९,००० ची कॅप दाताच्या रंगाची असते. मागच्या खालच्या दाढेवर ती कोणाला दिसणार नव्हती. संपूर्ण धातूची कॅप मजबूत असते, तिच्यासाठी दात कमी कोरावा लागतो, आणि त्याच दवाखान्यात ती ३,५०० ला होत होती. निकेलची ॲलर्जी नाही ना, एवढे विचारून घ्यावे लागते, कारण स्वस्त मिश्रधातूंत ते असते. खोटे दागिने घातल्यावर ज्यांना खाज येते त्यांनी हे आवर्जून सांगावे.

बांबोळीलाही कॅप होऊ शकली असती, पण प्रतीक्षा आणि आणखी फेऱ्या यांचा विचार करून ताईंनी ती डिचोलीतच करायचे ठरवले. दुसऱ्याने केलेल्या रूट कॅनलवर कॅप बसवायला दंतवैद्य अनेकदा का-कू करतात, आणि त्यांचेही बरोबर असते : उद्या आत बिघाड झाला तर दोष कोणाचा, असा वाद होतो. डिचोलीच्या दंतवैद्यांनी बांबोळीचा शेवटचा एक्स-रे आणि केस पेपर मागितला, तो पाहून काम स्वीकारले, आणि ३,५०० रुपये दोन भागांत घ्यायला कबूल झाले, निम्मे माप घेताना आणि निम्मे कॅप बसवताना. यासाठी कोणत्याही वित्तकंपनीची गरज लागली नाही, विचारावे मात्र लागले. सरकारी रुग्णालयातून बाहेर पडताना एक्स-रे आणि कागद जपून घरी आणणे किती मोलाचे आहे, हेही यातून दिसते.

पगाराच्या स्लिपवरची ओळ

मुलाच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून जोडलेल्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयपोटी १२० रुपये कापलेले दिसत होते. २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्का कापला जातो आणि मालक ३.२५ टक्के भरतो, म्हणजे या मुलाच्या नावे दरमहा आणखी ५२० रुपये जमा होत होते. ईएसआय म्हणजे कारखान्यात अपघात झाला तर मिळणारी मदत, एवढेच त्याला माहीत होते. वास्तविक विमाधारक कामगारावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही, त्यांचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्यास, या योजनेत वैद्यकीय सेवा मिळते. ताईंचे उत्पन्न त्या मर्यादेत बसत होते, पण त्यांचे नाव नोंदवलेलेच नव्हते. कारखान्याच्या कार्यालयात आधार कार्ड आणि फोटो देऊन नाव चढवायला काही आठवडे गेले. तोपर्यंत दाढेचे काम पूर्ण होत आले होते, त्यामुळे दातांसाठी ईएसआयचा उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो दुसरीकडे. ताई मधुमेहाच्या गोळ्या आणि अधूनमधूनच्या रक्ततपासण्या यांवर महिन्याला सरासरी नऊशे रुपये खर्च करत होत्या, आणि पैसे कमी पडले की गोळ्या एकाआड एक दिवस घेत होत्या. साखर चढण्याचे एक कारण हेही होते. जूनपासून औषधे आणि तपासण्या ईएसआयच्या दवाखान्यातून मिळू लागल्या. महिन्याचे नऊशे रुपये मोकळे झाले आणि गोळ्या रोज घेतल्या जाऊ लागल्या. दंतखर्चाचा मार्ग दंतखर्चाच्या कागदांत सापडला नाही, तो घरातील दुसऱ्या एका आजाराच्या खर्चात दडलेला होता. तेव्हापासून वैद्यकीय कारणासाठी अर्ज आला की आम्ही घरातील प्रत्येक कमावत्या माणसाची स्लिप मागवतो आणि नियमित औषधांवर किती जातात हेही विचारतो.

हिशेब

पासष्ट हजारांचा अर्ज ताईंनी मार्चमध्येच मागे घेतला. मे महिन्यात कॅप आणि सुट्टीतील घरखर्चाची तूट भागवण्यासाठी आम्ही सहा हजारांचे आकस्मिक कर्ज एका जामिनावर दिले, आणि पहिला हप्ता शाळा सुरू झाल्यानंतर जूनमध्ये ठेवला. सहा हप्ते, प्रत्येकी १,०३५ रुपये, व्याज एकूण २१२. चवथीच्या महिन्यातही हप्ता चुकला नाही.

बांबोळीच्या फेऱ्या १,३५०, कॅप ३,५००, आणि केस पेपर, एक्स-रे, औषधे वगैरे मिळून सुमारे हजार, असा एकूण खर्च पाच हजार आठशेच्या घरात गेला. समितीच्या बैठकीत कोणीतरी ‘चौसष्ट हजारांचे काम सहा हजारांत झाले’ असे म्हणून टाकले. तसे झालेले नाही. इम्प्लांटचे ३५,००० आणि समोरच्या कॅपचे ९,००० हे काम झालेलेच नाही, ते पुढे गेले आहे. जे झाले ते मूळ पत्रकानुसार २०,००० रुपयांचे होते. बचत चौदा हजारांची आहे, आणि त्यातलीही साडेपाच हजारांची बचत दाताच्या रंगाच्या कॅपऐवजी धातूची कॅप घेतल्यामुळे झाली आहे. आकडा फुगवून सांगितला तर पुढच्या अर्जदाराची फसगत होते.

पुढे ढकलण्यालाही किंमत आहे. उजवीकडची वरची दाढ आणखी खाली उतरली, तर उद्या तिथे इम्प्लांट किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायचा कृत्रिम दात) बसवायला जागाच अपुरी पडेल आणि वरच्या दाढेवरही काम करावे लागेल. काढता-घालता येणारा एक दात हा स्वस्त पर्याय बांबोळीच्या डॉक्टरांनी सांगितला होता. असे एकटे दात लोक डबीत ठेवून देतात हेही त्यांनीच सांगितले, आणि ताईंनी तो घेतला नाही. सध्या दर सहा महिन्यांनी ती जागा तपासून घ्यायची असे ठरले आहे.

मोकळ्या झालेल्या नऊशेमध्ये शंभर घालून ताईंनी आमच्याकडे दरमहा हजाराची आवर्ती ठेव सुरू केली आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसी फेब्रुवारीत ८.९ होता, तो डिसेंबरमध्ये ७.४ वर आला. इम्प्लांटला आता दंतवैद्यांची हरकत राहिलेली नाही, पण ताईंचा कल ब्रिजकडे आहे. तो साधारण चौदा हजारांत होतो, पण त्यासाठी शेजारचे दोन दात कोरावे लागतात, आणि त्यांपैकी एक अगदी निरोगी आहे. मुलाचे म्हणणे आहे की थांबून इम्प्लांटच करावे. ठेवीची मुदत पुढच्या जूनमध्ये संपते, तेव्हा हा निर्णय घ्यावा लागेल, आणि त्यासाठी कर्ज लागलेच तर नवा अर्ज नव्या पत्रकासह, बाबवार मुदती लिहून घेऊनच आमच्याकडे यावा असे त्यांना सांगून ठेवले आहे.